ओढ्याचं पिंप

या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या मालकीणबाई, ज्यांच्यासाठी आज बाटल्यांचं यंत्र कापडाने झाकून इथे खुर्च्या मांडल्या ते आमचे नाकमास्तर, व्यासपीठावर बसलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, पाणी तपासणाऱ्या कार्यालयातले साहेब, खालच्या वस्तीतले जाळेवाले दादा, समोर बसलेल्या निवडणीच्या पट्ट्यावरच्या माझ्या मैत्रिणी, पिंपखोलीतली मंडळी, गाडीवाले, लेबलं चिकटवणाऱ्या मुली, आणि चहा कधी येतोय म्हणून मघापासून दाराकडे बघणारे सगळे, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

कुणी राहिलं असेल तर दोष माझ्या नातीचा. ही यादी तिने माझ्याकडून घोकून घेतली आहे. मला अक्षर ओळखता येत नाही, हे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहेच. पगाराच्या दिवशी माझा अंगठा बघून हसणारे निम्मे लोक इथेच बसलेत. म्हणून मी सांगितलं, नातीने लिहिलं, आणि तीन वेळा मला वाचून दाखवलं. ती बघा, पहिल्या रांगेत, वही मांडीवर घेऊन बसली आहे. मी घसरले की ती डोळे मोठे करणार. तिचे डोळे कितीही मोठे झाले तरी आज मी थांबायची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मास्तरांना निरोप देताना चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. माझ्याआधी पाच जण बोलले, त्यांनी चारशे वापरले. माझ्या वाट्याला काय उरलं? तरी प्रयत्न करते.

मास्तर या वाइनरीत आले तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि मी पट्ट्यावर जुनी झाले होते. वाइनरी तेव्हाही एवढीशीच होती. आठ टाक्या, एक पिंपखोली, आणि मागे तळं. नाव मोठं झालं ते मास्तरांच्या नाकामुळे. पेला गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे, की समोर बसलेले दूरदूरचे गिऱ्हाईक लोक श्वास रोखायचे. मास्तर 'हं' म्हणाले की तेही 'हं' म्हणायचे. खरं सांगू का? ते लोक वाइन न्यायला येतच नव्हते, मास्तरांचा 'हं' न्यायला यायचे. म्हणून तर आपण सगळे त्यांना नाकमास्तर म्हणतो, आणि त्यांच्या तोंडावर म्हणतो, आणि त्यांनी कधी राग धरला नाही.

मालकीणबाईंनी आत्ताच सांगितलं, की गेली अकरा वर्षं आपल्याकडे एक रीत आहे. सगळी पिंपं तयार झाली की मास्तर त्यातलं एक निवडतात आणि त्यावर खडूने खूण करतात. ते ओढ्याचं पिंप. ते विकून जे मिळेल ते ओढ्याचं आणि ओढ्याकाठच्या माणसांचं, वाइनरीचं त्यात काही नाही. त्यातूनच मागचं लव्हाळ्यांचं तळं झालं. टाक्या धुतलेलं पाणी आता आधी त्या लव्हाळ्यांच्या मुळांतून सावकाश गाळलं जातं आणि मग ओढ्याला मिळतं. काठाने झाडं लागली. खालच्या वस्तीत पिण्याच्या पाण्याची टाकी आली. शाळेला पुस्तकांची खोली मिळाली. मोठ्या माणसांसाठी अक्षरांचा वर्ग निघाला. त्या वर्गाला मीही दोन दिवस गेले होते. शिकवणारी पोर माझ्याशी इतकं गोड बोलायची की मला माझीच दया यायला लागली, म्हणून सोडलं.

आणि पिंप तरी कोणतं? उरलंसुरलं नव्हे, सगळ्यांत चांगलं. एके वर्षी मालकीणबाई म्हणाल्या होत्या, मास्तर, दुसऱ्या नंबरचं दिलं तर ओढ्याला काय कळणार आहे? मास्तर एवढे मऊ माणूस, पण तेव्हा जागचे हलले नाहीत. सगळ्यांत चांगलंच द्यायचं, म्हणाले.

असं का, हे कुणी विचारलं नाही. भलं माणूस आहे, असं म्हणून आपण मोकळे झालो. पण त्याचं कारण परवापर्यंत तीनच माणसांना ठाऊक होतं. मास्तरांना, मला आणि माझ्या सुनेला. चौथा होता, तो राहिला नाही.

मालकीणबाई, तुम्ही घड्याळाकडे बघू नका. मी लांबण लावणार नाही.

इथे काही नवी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी आधीची पद्धत सांगते. टाक्या, पाइप, फरशी धुतलेलं पाणी, त्यातली सालं, बिया, गाळ, सगळं मागच्या तळ्यात साठतं आणि आंबतं. ते मुरायला दिवस लागतात. कच्चं पाणी ओढ्यात गेलं तर ओढ्याचा श्वास कोंडतो. तेव्हा लव्हाळी नव्हती, तपासणीची बाटली नव्हती. होतं ते मास्तरांचं नाक. रोज उन्हं कलली की मास्तर तळ्यावर जायचे. व्हॉल्व्हवरचा माणूस मगात पाणी काढून त्यांच्यापुढे धरायचा. ओल्या मातीचा वास आला तर मास्तर म्हणायचे 'सोड', आंबूस किंवा कुजका आला तर 'थांब'. एवढंच. दोन शब्दांवर सगळा ओढा चालायचा.

व्हॉल्व्हवरचा तो माणूस म्हणजे माझा मुलगा.

अकरा वर्षांपूर्वी मास्तरांना मोठा ताप आला होता, आठवतो ना? पट्ट्यावरच्या सगळ्याजणी त्यांना बघायला गेलो होतो. ताप उतरला, मास्तर उठले, कामावर आले, पेल्यात नाक घालून 'हं' म्हणाले. आपण सगळे खूश. पण ताप जाताना त्यांचं नाक घेऊन गेला होता. त्यांना ना फुलाचा वास येत होता ना जळक्या दुधाचा. आज येईल, उद्या येईल, अशी ते वाट बघत राहिले आणि कुणाला काही बोलले नाहीत. नाकावर घर चालणाऱ्या माणसाने नाक गेलं हे कुणाला सांगावं?

हंगाम संपत आला होता. तळं काठोकाठ भरलेलं. माझ्या मुलाने पाण्याचा मग पुढे केला. मास्तरांनी हुंगला आणि म्हणाले, सोड.

मुलगा म्हणाला, "मास्तर, वास येतोय."

मास्तर म्हणाले, "वास मला कळतो की तुला?"

त्याने व्हॉल्व्ह उघडला. दुसरं काय करणार होता? तुमच्यापैकी कुणी मास्तरांच्या नाकाशी वाद घातला असता?

बसा मास्तर, बसा. तुमची पाळी माझ्यानंतर. उभं राहून ऐकलं म्हणून ते हलकं होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासे वर आले. आधी तोंडं पाण्याबाहेर काढून हवा मागत होते, दुपारी पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. खालच्या वस्तीला प्यायला तोच ओढा. मुलं आजारी पडली, म्हातारी माणसं आडवी झाली. दादा, तुम्ही तुमचं जाळं काठावर टाकलंत आणि त्याच्यावरच बसून राहिलात. मी पाहिलं होतं.

मालकीणबाईंनी सगळ्यांना गोळा केलं, ते याच खोलीत. बाटल्यांचं यंत्र बंद केलं होतं. विचारलं, पाणी कुणी सोडलं? माझा मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, मी. कुणाच्या सांगण्यावरून? त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खाली आपल्या बुटांकडे बघत होते. किती वेळ गेला मला माहीत नाही. पट्ट्यावर एक घड निवडून व्हायला लागतो तेवढाच असेल. मग माझा मुलगा म्हणाला, माझ्याच मनाने.

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. मालकीणबाई, मी तुम्हाला बोल लावत नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं त्यावर तुम्ही तेच करणार. तुम्ही तर वर ओढ्याचं पिंप ठेवायचं ठरवलंत, बाकीच्यांनी हात झटकले असते.

चौथ्या दिवशी मास्तर आमच्या दारात आले. आत या म्हटलं तर येईनात, बसा म्हटलं तर बसेनात. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले, "चूक माझी आहे. माझं नाक गेलंय. मी उद्या मालकीणबाईंना सगळं सांगतो."

माझा मुलगा म्हणाला, "नको मास्तर. तुमचं नाक गेलं हे बाहेर कळलं तर एक गिऱ्हाईक राहणार नाही. मग ही चाळीस घरं जाणार कुठे? माझं काय, मी कुठेही जाऊन चाक फिरवीन."

आणि मास्तर 'बरं' म्हणाले.

मी दाराआड उभी होते आणि वाट बघत होते. माणूस पहिल्यांदा नको म्हणतो ते रीत म्हणून. साधा चहा द्यायचा तरी आपण दोनदा विचारतो, नाही का? मास्तरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पाणी सोडल्याचा माझा राग कधीच ओसरला. आजाराला कोण काय करणार? पण दुसऱ्यांदा विचारलं नाही, ते मला अजून सलतंय.

मुलाने मला आणि सुनेला शब्दात बांधलं. मास्तर जोवर नाकावर पोट भरतात तोवर तोंड उघडायचं नाही. पुढे गाव सोडून जाताना म्हणाला, आई, तुझं नाक चांगलं आहे, ते त्यांना दे. जसं काही मी शेजारणीला खलबत्ता देतेय.

आता हे ऐकून पिंपखोलीतल्यांनी खुर्ची घट्ट धरावी. अकरा वर्षं या वाइनरीचं नाक मी आहे. कामाची घंटा व्हायच्या आधी, उजाडताना, मास्तर आणि मी पिंपखोलीत जायचो. ते पेल्यात काढायचे, मी हुंगायची आणि माझ्या भाषेत सांगायची. हे भिजलेल्या कुत्र्यासारखं. हे नव्या वहीसारखं. याच्या पोटात काहीतरी बिघडतंय, आजच दुसऱ्या पिंपात काढा. मास्तर सगळं लिहून घ्यायचे आणि दुपारी गिऱ्हाइकापुढे आपल्या भाषेत म्हणायचे. बाटलीवर छापलंय ना, 'जुन्या लाकडाची ऊब आणि रानफुलांचा दरवळ'? माझं मूळचं वाक्य होतं, सुताराच्या बायकोने लग्नातली पेटी उघडल्यासारखं वाटतंय. आणि हो, एक थेंबही गिळलेला नाही. चेहरे नका वाकडे करू. हसायचं असेल तर हसा. मलाही त्या पिंपखोलीत पुष्कळदा हसू आलेलं आहे, मुलगा दूर असतानासुद्धा. पोट आणि हसू, दोन्ही निर्लज्ज असतात.

पण पहिल्या वर्षीचं खरं सांगते. मास्तरांनी विचारलं, मावशी, यातलं सगळ्यांत चांगलं कोणतं? ओढ्यासाठी हवंय. माझ्यासमोर एक पिंप होतं, आतून आंबायला लागलेलं. माझ्या मनात आलं, हेच चांगलं म्हणून दाखवावं. गिऱ्हाइकापुढे उघडलं की मास्तरांच्या नाकाची शोभा होईल. माझ्या मुलाने त्याच ओढ्यापायी घर सोडलंय. मी का त्याला चांगलं द्यावं? मी त्या पिंपावर हातही ठेवला होता.

मग खालच्या वस्तीतली ती मुलं आठवली. घसे कोरडे पडले तरी त्या पाण्याला तोंड लावत नव्हती. मी हात काढला आणि कोपऱ्यातलं पिंप दाखवलं. ते खरोखर सगळ्यांत चांगलं होतं. त्यानंतर दरवर्षी मीच निवडलं आणि मास्तरांनी खूण केली. माझ्या मुलाने ओढा मारला असं तुम्ही म्हणत होता, आणि मी त्या ओढ्यासाठी पिंप निवडत होते.

चौथ्या वर्षी मासे परत आले. दादा, पहिला मासा घेऊन तुम्ही मास्तरांच्या दारी गेलात. बरोबरच केलंत. तुम्हाला जे दिसत होतं त्याप्रमाणे वागलात. मी पट्ट्यावरून बघत होते. माझ्या हातातला घड तेवढा चिरडला गेला, आणि मुकादमाची बोलणी खाल्ली.

मास्तरांचं मोठेपण मी नाकारत नाही. लव्हाळी त्यांनी स्वतः चिखलात उतरून लावली, गुडघे दुखत असताना. पाण्याची टाकी बसली तेव्हा फीत कापायला बोलावलं तर ते आलेच नाहीत. तुम्हाला तो विनय वाटला. मला ठाऊक होतं, त्यांना तिथे उभं राहवलं नसतं. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. एकदाच मनसोक्त शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

माझा मुलगा एका बंदरावर कामाला लागला. जहाजांच्या टाक्या आतून घासायचा. वर्षातून एकदा वाइनरी बंद असताना यायचा, चार दिवस घरात बसायचा, बाहेर पडायचा नाही. ज्या दादांनी त्याला पोहायला शिकवलं त्यांच्या समोर जायची त्याला भीती वाटायची. लेकीला मांडीवर घ्यायचा, ती विचारायची, बाबा, तुम्ही मासे मारलेत का? तो म्हणायचा, तू जेवलीस का?

दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत काहीतरी भरलं. निरोप आला तेव्हा मी पट्ट्यावर होते. सून आणि मी दोन दिवस प्रवास करून पोचलो, तोवर सगळं उरकलं होतं. त्याच्या खोलीतल्या माणसाने एक पेटी हातात दिली. आत शर्ट होते. धुतलेले, घड्या घातलेले. त्या भल्या माणसाने आम्हाला बरं वाटावं म्हणून सगळे धुऊन ठेवले होते. मी, आठ टाक्या आणि साठ पिंपं वासावरून ओळखणारी बाई, त्या शर्टांत तोंड घालून माझा मुलगा शोधत बसले. साबण होता. नुसता साबण.

थांबा, पाणी देता जरा? … हं.

गेल्या महिन्यात मास्तर पुन्हा आमच्या दारात आले. या वेळी आत येऊन बसले. म्हणाले, मावशी, मी काम सोडतोय. निरोपाचं भाषण तुम्ही करा आणि सगळं सांगा, मला जमणार नाही. मी विचारलं, जमणार नाही की धजणार नाही? म्हणाले, दोन्ही. मी नको म्हटलं. तर यांनी चहा घेतला, आणि म्हणाले, "मावशी, मी दुसऱ्यांदा विचारतोय."

म्हणून मी आज उभी आहे.

परवा हे सगळं नातीला लिहायला सांगितलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. लहान मुलाच्या पोटात एवढं मोठं गुपित कसं ठेवणार? शाळेत तिला 'मासेमाऱ्याची' म्हणत, ती घरी येऊन विचारायची, आणि आम्ही दोघी तिला भाकरी-भाजी विचारायचो. 'सोड' पर्यंत तिने भराभर लिहिलं. मग पेन्सिल थांबली. मी म्हटलं, लिही. ती म्हणाली, आजी, तू अकरा वर्षं मला का नाही सांगितलंस? शब्द दिला होता, हे कारण आहे, उत्तर नाही. सोळा वर्षांच्या पोरीला त्यातला फरक कळतो.

आता माझ्या दोन मागण्या आहेत, मग चहा.

मालकीणबाई, तुम्हाला हे आज सगळ्यांदेखत ऐकावं लागलं, आधी कानात सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. त्याला काढलं ते सगळ्यांदेखत होतं. तुमच्या कचेरीत त्याच्या नावाचा एक कागद आहे. त्यात लिहिलंय की त्याने कुणालाही न विचारता पाणी सोडलं. मला तो वाचता येत नाही, पण काय लिहिलंय ते मला पाठ आहे. तो कागद काढा आणि त्याच्याखाली खरं काय ते लिहा. मास्तरांची सही घ्या. माझाही अंगठा घ्या, कारण गप्प मीही होते. पिंपाची रीत मात्र बंद करू नका. नव्या बाई मास्तरांच्या जागी येताहेत, त्यांचं नाक मी तपासून घेतलंय, चांगलं आहे. पिंप निवडताना असो की पाणी सोडताना, त्यांना कुणी 'वास येतोय' म्हणालं तर त्यांनी थांबावं, एवढं त्यांना सांगा.

आणि दादा, माझी सून तिसऱ्या रांगेत डावीकडे बसली आहे. अकरा वर्षं ती तुमच्या समोरून मान खाली घालून जाते. समारंभ संपला की तिच्याशी काहीतरी बोला. ओढ्याबद्दल नको. हवा कशी आहे, एवढं विचारलंत तरी चालेल.

मालकीणबाईंनी मला बोलू दिलं, मध्ये ध्वनिक्षेपक काढून घेतला नाही, त्यांचे आभार. खुर्च्या मांडणाऱ्यांचे, यंत्र झाकणाऱ्यांचे, माझं बोलणं वहीत उतरवून घेणाऱ्या नातीचे आभार. मास्तर, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत, त्याबद्दल तुमचेही. तुम्हाला माफ केलं की नाही ते मला अजून समजलेलं नाही. समजलं की घरी येऊन सांगीन. तोवर प्रकृतीला जपा.

माझ्यासारख्या अडाणी बाईच्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, समारंभाला न शोभणारं निघालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मला म्हातारीला माफ करा. जी काही माफी असेल ती मला द्या, मास्तरांना द्यायची तर द्या. माझ्या मुलाला मात्र कुणी माफ करू नका. तो चुकला नव्हता.